उभे राहिलेले गाणे : मराठी लोकप्रिय गायनाचा नाचगाण्याकडे प्रवास
(प्रस्तावना)

लोकप्रिय गायक संथ, शब्दप्रधान गाणे मागे ठेवून नाचायला लावणाऱ्या वेगवान गाण्याकडे वळतो, हे आधुनिक संगीताच्या इतिहासात वारंवार घडले आहे. हळव्या गाण्यांसाठी ओळखला जाणारा बी जीज हा भावांचा गट १९७५ च्या ‘मेन कोर्स’ या अल्बमपासून डिस्कोच्या वाटेला लागला आणि १९७७ च्या ‘सॅटर्डे नाइट फीवर’ चित्रपटामुळे जगभर नाचला गेला. गझल गाणारे दलेर मेहंदी १९९५ च्या ‘बोलो ता रा रा’नंतर भांगडा-पॉपचे नाव झाले. मराठीतही हे वळण जुने आहे. हिंदी चित्रपटांत पार्श्वगायन करणाऱ्या सुलोचना कदम पुढे लावणीच्या सुलोचना चव्हाण झाल्या. भक्तिगीते, भीमगीते आणि कव्वाल्या गाणाऱ्या प्रल्हाद शिंदे यांच्या घरातून आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट हा’ आले. २००२ मध्ये वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजिबा’ने शहरी मराठी तरुणाला मराठी गाण्यावर नाचायला लावले. ही तीन उदाहरणे तीन वेगळ्या काळांतली, तीन वेगळ्या समाजांतली आणि तीन वेगळ्या माध्यमांतली आहेत. त्यांना जोडणारा धागा शोधणे हा या पुस्तकाचा विषय आहे, आणि तो शोध यवतमाळ जिल्ह्याच्या जमिनीवर उभे राहून घेतलेला आहे.

नाचगाणे म्हणजे केवळ जलद गाणे नव्हे. अनेक भजने जलद असतात आणि तरीही बसूनच ऐकली जातात. फरक ठेक्याच्या मांडणीत असतो. आठ मात्रांचा केरवा भजनात, भावगीतात आणि वरातीच्या गाण्यातही वाजतो. भावगीतात तबलजी त्याचे वजन पहिल्या मात्रेवर ठेवतो, मधल्या जागा हलक्या करतो आणि शब्दाला वाट देतो. नाचगाण्यात तोच केरवा भरला जातो. प्रत्येक मात्रेवर खर्जातला जड ठोका पडतो, मधल्या जागा ढोलकीचे किंवा ऑक्टोपॅडचे बोल व्यापतात आणि टाळी सम सोडून उलट्या जागी पडते. डिस्कोने मिनिटाला साधारण १२० ठोक्यांची चाल जगभर रुळवली. ती वेगाने टाकलेल्या पावलाची गती आहे, म्हणून न शिकलेला माणूसही तिच्यावर सहज हलतो. गायकाला अशा ठेक्यात मोकळी जागा कमी मिळते. त्याची ओळ आखूड होते, पट्टी चढते, मींड आणि हरकती गळतात, ध्रुवपद लवकर येते आणि पुन्हा पुन्हा येते. वळण घेणाऱ्या गायकाला नवी गाणी मिळवावी लागतातच, पण त्याआधी गळा नव्याने तयार करावा लागतो.

यवतमाळ जिल्हा या अभ्यासासाठी का, हा प्रश्न साहजिक आहे. मराठी चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांची केंद्रे मुंबई, पुणे आणि कोल्हापूर. गाणी तिथे तयार होतात. ती नाचली जातात ती मात्र वणी, दारव्हा, पुसद, पांढरकवडा अशा गावांतल्या रस्त्यांवर. यवतमाळच्या सोळा तालुक्यांत नाचगाण्याच्या अनेक परंपरा शेजारी शेजारी नांदतात. पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव या भागात बंजारा तांडे आहेत आणि त्यांची होळीची लेंगी आहे. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, राळेगाव या बाजूला गोंड, कोलाम आणि परधान समाज आहेत. तिथे ढेमसा नाचला जातो आणि परधान हे गोंडांच्या कथागायनाचे वंशपरंपरागत वारसदार मानले जातात. गावोगावी तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांची मंडळे आहेत. आंबेडकरी वस्त्यांत जलशाची आणि भीमगीतांची परंपरा आहे. यवतमाळ शहराचा दुर्गोत्सव विदर्भात प्रसिद्ध आहे. वरात, हळद, गणपती, दुर्गा, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, होळी आणि पोळा अशा प्रसंगांनी इथले वर्ष विणलेले आहे, आणि त्या प्रत्येक प्रसंगाला पायांनी साथ देता येईल असे गाणे लागते.

या परंपरांतली लेंगी जवळून पाहिली की नाचगाण्याची यंत्रणा उघड होते. होळीच्या दिवसांत तांड्यातले पुरुष डफ घेऊन नायकाच्या (तांडाप्रमुखाच्या) घरासमोर गोल धरतात. एक जाणता गडी गोरमाटी या बंजारा बोलीत ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात आणि परत करतात. ओळ लहान असते, कारण ती एका श्वासात झेलायची असते. पाय पुढे, मागे आणि बाजूला पडतात, कंबर वाकते, वर्तुळ सरकत राहते. सुरुवातीची चाल संथ असते. गळे एकत्र आले, पाय जुळले की डफवाला चाल वाढवतो. गाणाऱ्यांच्यात आणि नाचणाऱ्यांच्यात भेद उरत नाही, कारण सगळेच दोन्ही करत असतात. आखूड ओळ, हाक आणि प्रतिसाद, हळूहळू चढणारी लय, सामूहिक ध्रुवपद ही लेंगीची वैशिष्ट्ये आहेत. पुढे कॅसेट, अल्बम आणि डीजेच्या गाण्यांत हीच सामग्री पुन्हा भेटते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मराठी मुलखात नाचगाणे बाहेरून आलेले नाही. विसाव्या शतकात इथे नव्याने आले ते घरात बसून ऐकायचे लोकप्रिय गाणे.

ते कसे आले हेही समजून घ्यावे लागते. तबकडी आणि रेडिओ यांनी गाणे अंगणातून उचलून घरात आणले. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांचे ‘रानारानांत गेली बाई शीळ’ हे जी. एन. जोशी यांच्या आवाजात तबकडीवर आले, आणि भावगीताच्या आरंभाची खूण म्हणून आजही त्याचे नाव घेतले जाते. तीन-साडेतीन मिनिटांची तबकडी, एक गायक, एक भावना आणि शांत बसलेला श्रोता अशी ही नवी रचना होती. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’ने तिला कळस चढवला. सुधीर फडके यांची चाल आणि ग. दि. माडगूळकर यांचे शब्द ऐकायला लोक रेडिओभोवती जमले. उत्तम गाणे म्हणजे शब्दांना जपणारे, संथ आणि भावपूर्ण गाणे, हा मध्यमवर्गीय मराठी मापदंड याच काळात घट्ट झाला. पुढे नाचगाण्याकडे वळलेल्या प्रत्येक गायकाला त्याच मापाने मोजले गेले.

खुद्द माडगूळकरांना मात्र ही विभागणी मान्य असावी असे त्यांच्या लेखनावरून दिसत नाही. ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) या चित्रपटासाठी त्यांनी केलेले लेखन लावणी-तमाशाच्या मुलखातले होते. ‘गीतरामायण’ लिहिणाऱ्या लेखणीला ढोलकी परकी नव्हती. १९७३ मध्ये यवतमाळला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. चित्रपटगीते लिहिणारा कवी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसला, ही घटना या जिल्ह्याच्या भूमीवर घडली आहे. लोकप्रिय गाणे गांभीर्याने अभ्यासण्याला यवतमाळात असा जुना आधार आहे.

मराठी नाचगाण्याची पहिली मोठी शाखा चित्रपटातल्या लावणीची. मुंबईत वाढलेल्या, मेळ्यांतून पुढे आलेल्या सुलोचना कदम यांनी हिंदी चित्रपटांत नाव मिळवले होते. ‘ढोलक’ (१९५१) मधले त्यांचे द्वंद्वगीत आजही जाणकारांच्या स्मरणात आहे. विवाहानंतर पती शामराव चव्हाण यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी लावणीचे शब्दोच्चार, ठसका आणि लटका यांचा अभ्यास केला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला आलेल्या ‘रंगल्या रात्री अशा’ या चित्रपटाने त्यांना लावणीची वाट दाखवली. जगदीश खेबुडकर यांचे शब्द आणि वसंत पवार यांचे संगीत यांच्या जोडीने ती वाट रुंद झाली. सुलोचनाबाईंच्या गायनात एक महत्त्वाचा धडा आहे. मंचावर त्या डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहून गात, स्वतः नाचत नसत. नाच सगळा गळ्यात होता. शब्दाच्या सुरुवातीला दिलेला धक्का, ओळीच्या शेवटी तोडलेला स्वर आणि ढोलकीच्या बोलाला दिलेले उत्तर यांतून पडद्यावरची नर्तिका हलत असे. आचार्य अत्रे यांनी त्यांना लावणीसम्राज्ञी म्हटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचे निधन झाले. आशा भोसले यांचे वळणही याच काळातले. ओ. पी. नय्यर आणि पुढे राहुल देव बर्मन यांच्याबरोबर त्यांनी ठेक्याचे गाणे हिंदीत प्रतिष्ठेला नेले, आणि नव्वदच्या दशकात ‘रंगीला’ व ‘जानम समझा करो’ने नव्या पिढीपर्यंत पोचवले.

दुसरी शाखा आंबेडकरी गाण्याची आणि कॅसेटची. यवतमाळच्या दृष्टीने हीच सर्वांत मोलाची. आंबेडकरी जलशांनी गाण्याला प्रबोधनाचे साधन केले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांनी हजारो माणसांच्या तोंडी बसेल अशी रचना दिली. कव्वालीच्या घाटाने आंबेडकरी विचाराला टाळी आणि जोश दिला. विठ्ठल उमप यांच्यासारखे शाहीर लोकसंगीत आणि आंबेडकरी गाणे एकाच ताकदीने गात. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवरील कार्यक्रमात मंचावरच त्यांचे प्राण गेले. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या आवाजात विठ्ठल, भीम आणि कव्वाली हे तिन्ही प्रवाह एकत्र आले होते. त्यांची पट्टी उंच, फेक मोकळी आणि उच्चार खणखणीत. ध्वनिक्षेपकाशिवायही मैदानात पोचावा असा तो आवाज होता.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि या आवाजाला नवे शेत मिळाले. तबकडीचा धंदा मोजक्या कंपन्यांच्या हाती होता. कॅसेट कमी भांडवलात निघे, एसटी स्टँडवरच्या टपरीवर विकली जाई आणि चहाच्या हॉटेलात, ट्रॅक्टरवर, मांडवात वाजे. ज्यांच्यासाठी कोणी तबकडी काढत नव्हते, तो वर्ग आता थेट गिऱ्हाईक झाला. आनंद शिंदे यांचे ‘नवीन पोपट हा’ याच लाटेवर घराघरांत गेले. गाणे चेष्टेचे, चाल सोपी, ठेका नाचरा. पण गळा प्रल्हाद शिंदे यांच्याच शाळेतला. त्यामुळे या वळणाला घराण्याशी फारकत म्हणता येत नाही. आनंद आणि त्यांचे बंधू मिलिंद शिंदे भीमगीते व भक्तिगीते गात राहिले आणि लग्नाच्या मांडवातही वाजत राहिले. पुढच्या पिढीत आदर्श शिंदे यांनी ‘दुनियादारी’ (२०१३) मधल्या ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’सारखे आर्त गाणे आणि मिरवणुकीचे दणदणीत गाणे एकाच गळ्यातून दिले. एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांत भक्ती, प्रबोधन आणि नाच यांचे नाते कसे बदलत गेले, हे इथे सलग पाहता येते.

तिसरी शाखा अल्बमची आणि नव्या चित्रपटसंगीताची. १९८१ मध्ये नाझिया हसन यांच्या ‘डिस्को दिवाने’ने आणि १९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांच्या ‘मेड इन इंडिया’ने भारतीय पॉपची बाजारपेठ उभी केली होती. मराठीत त्या बाजारपेठेची दारे अवधूत गुप्ते यांच्या संगीतातल्या ‘ऐका दाजिबा’ने उघडली. लोकगीताच्या वळणाची चाल, पाश्चात्त्य ठेका आणि दूरचित्रवाणीवर सतत दिसणारी चित्रफीत यांचा तो मेळ होता. नंतर अजय-अतुल यांच्या ‘कोंबडी पळाली’त दोन शाखा एकमेकींना भेटल्या : गाणारे होते आनंद शिंदे आणि वैशाली सामंत. कॅसेटचा गळा आणि अल्बमचा गळा एका गाण्यात आले. तीच चाल २०१२ मध्ये ‘अग्निपथ’मध्ये ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर गेली. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये ‘झिंगाट’ने कळस गाठला. ज्या चित्रपटाचे संगीत हॉलीवूडच्या ध्वनिमुद्रणगृहात वाद्यवृंदासह मुद्रित झाले, त्याचे सर्वांत गाजलेले गाणे गावच्या मिरवणुकीच्या ठेक्यावर उभे होते. मोठा वाद्यवृंद आणि गल्लीतला बँजो यांच्यात उच्च-नीच मानण्याचे कारण त्या एका चित्रपटाने उरू दिले नाही.

चौथी शाखा सर्वांत तरुण आणि सर्वांत कमी नोंदली गेलेली आहे. विदर्भात डफड्याच्या जागी बँजो आला, संदल आणि धुमाल ही वाद्यपथके आली, मग डीजे आला. की-बोर्ड, ऑक्टोपॅड आणि ध्वनिवर्धकांच्या भिंती टेम्पोवर चढल्या. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला तेव्हा गोरमाटी, गोंडी आणि वऱ्हाडी बोलीतली नाचगाणी छोट्या गावांतल्या खोलीवजा स्टुडिओंतून थेट फोनवर येऊ लागली. तांड्यातली लेंगी आता यंत्राच्या ठोक्यावर मुद्रित होते आणि पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या पोरांच्या फोनवर वाजते. ज्या बोलींना रेडिओने आणि तबकडीने फारशी जागा दिली नाही, त्या बोलींना ती जागा नाचगाण्याने मिळवून दिली. ही या प्रवासाची सर्वांत आशादायक बाजू.

या चारही शाखांकडे एकत्र पाहिले की गायकाच्या वळणामागची कारणे उलगडतात. बाजार हे एक कारण आहे, तंत्रज्ञान दुसरे. त्यांच्याही आधी येतो तो प्रसंग. गाण्याचा खर्च कोण आणि कशासाठी करतो, यावर गायकाचे पोट अवलंबून असते. बैठकीचे निमंत्रण देणारा रसिक शब्द मागतो. वरातीचा नवरदेव, जयंतीचे मंडळ किंवा दुर्गोत्सवाचे कार्यकर्ते ठेका मागतात. गावखेड्यातल्या, खालच्या मानलेल्या जातींतल्या माणसांच्या हाती प्रसंग साजरा करण्याइतका पैसा आला, रस्त्यावरून आपली मिरवणूक काढण्याचा हक्क त्यांनी बजावला, तेव्हा त्यांच्या पसंतीचे गाणे बाजाराचे गाणे झाले. १४ एप्रिलला भर रस्त्यात नाचणे ही ज्यांच्या आजोबांना रस्त्याच्या कडेने चालावे लागे त्यांच्यासाठी करमणुकीपलीकडची गोष्ट आहे. मराठी नाचगाण्याचा इतिहास म्हणूनच रस्त्यावरच्या हक्काचाही इतिहास आहे.

या प्रवासावरचे आक्षेपही खरे आहेत आणि त्यांना उत्तर द्यावे लागते. पहिला आक्षेप शब्दांचा. आखूड ओळ आणि वारंवार येणारे ध्रुवपद यांत विचार मावत नाही, जलशाची चार कडवी डीजेवर एका घोषणेपुरती उरतात. आंबेडकरी चळवळीतच यावर कळकळीची चर्चा चालू आहे, आणि ती बाहेरच्यांच्या नाकमुरडेपणाशी एकरूप करता येत नाही. दुसरा आक्षेप स्त्रियांच्या चित्रणाचा. कॅसेटच्या काळातली कित्येक गाणी द्व्यर्थी होती आणि नाचणारा जमाव बहुतेक वेळा पुरुषांचाच असतो. तिसरा आक्षेप आवाजाचा. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकावर बंधन घातले आहे आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा ठरवली आहे. डीजेच्या भिंती ती कितीतरी पटींनी ओलांडतात, आणि त्याचा त्रास म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, तान्ह्या मुलांना होतो. चौथा आक्षेप खुद्द कलावंतांचा आहे : डफडे वाजवणारे हात, बँजोवाले, ढोलकीपटू आणि अखेर गायकही यंत्राने बाजूला केले. नाचगाण्याने ज्यांना भाकर दिली त्यांच्याच ताटातली ती आता काढून घेतली जात आहे.

आज या विषयाची निकड याच शेवटच्या मुद्द्याशी जोडलेली आहे : कलावंत बाजूला पडत असताना त्यांच्या गाण्याच्या खुणाही नष्ट होत आहेत. कॅसेटच्या फिती चुंबकीय आहेत, त्या ओल, धूळ आणि उष्णतेने मरतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात घरांच्या माळ्यांवर पडलेल्या पेट्यांत एका पिढीचे गाणे विरत चालले आहे. कव्हरवर गीतकाराचे, वादकाचे नाव पुष्कळदा नसते, असले तर अपुरे असते. यूट्यूबवर चढवलेल्या प्रतींना तारीख नसते. लेंगीची ओळ उचलणारे, परधानांच्या कथा गाणारे जाणते वयोवृद्ध होत आहेत. भावगीताचा इतिहास लिहिला गेला, नाट्यसंगीताचा लिहिला गेला, त्यांच्या गायकांची चरित्रे आहेत, चालींची स्वरलिपी आहे. ज्या गाण्यांवर महाराष्ट्राची बहुसंख्य माणसे आयुष्यातले आनंदाचे दिवस साजरे करतात, त्यांची नोंद मात्र अजून विस्कळीत आहे.

प्रस्तुत पुस्तक ती नोंद यवतमाळपुरती पद्धतशीर करू पाहते. त्याचे प्रश्न चार आहेत : गायकाचा गळा आणि रचनेचा घाट नाचासाठी कसा बदलतो, कोणत्या प्रसंगांनी आणि कोणाच्या पैशाने हा बदल घडवला, प्रत्येक नव्या माध्यमाने कोणाला दार उघडले आणि कोणाला बाहेर काढले, आणि वेग वाढताना शब्दांतला विचार कुठे टिकला, कुठे गळाला. चालींचे विश्लेषण वाचकाला संगीताचे औपचारिक शिक्षण नसले तरी समजावे अशा भाषेत केले आहे. मोठ्या गायकांइतकेच महत्त्व वादकांना, मंडळांना, कॅसेटविक्रेत्यांना आणि नाचणाऱ्यांना दिले आहे, कारण नाचगाणे त्या सर्वांच्या भागीदारीतून उभे राहते. मुंबई-पुण्याची चित्रपटसृष्टी आणि परदेशी पॉप यांचा उल्लेख तुलनेपुरता येतो. सगळ्या महाराष्ट्राचा इतिहास सांगण्याचा दावा पुस्तक करत नाही; कोकणातली कोळीगीते, पश्चिम महाराष्ट्राचा तमाशा, मराठवाड्याची वेगळी वाट यांना स्वतंत्र अभ्यास हवेत.

या अभ्यासाची एक ठाम भूमिका आहे. संथ गाणे श्रेष्ठ आणि नाचाचे गाणे हलके ही उतरंड संगीताच्या निकषांवर टिकत नाही, ती ऐकणाऱ्यांच्या सामाजिक स्थानावर उभी आहे. नाचगाण्यातही चांगले आणि वाईट, कष्टाने घडवलेले आणि उरकलेले, माणसाला मोठे करणारे आणि लहान करणारे असा भेद आहे. तो भेद ओळखायला त्याच गाण्यांतून काढलेले निकष लागतात : ओळ झेलता येते का, लय कशी चढवली आहे, ठेक्याच्या गर्दीतही शब्द ऐकू येतो का, आणि वर्तुळात नव्याने येणाऱ्याला जागा मिळते का. हे निकष घेऊन ऐकणारा वाचक सुलोचना चव्हाण यांची लावणी, आनंद शिंदे यांची कॅसेट आणि तांड्यातली लेंगी एकाच गांभीर्याने ऐकू शकेल. पुढील प्रकरणांची मांडणी त्यासाठीच केली आहे.